सल्लागार आणा, पण किल्ली आपल्याकडे ठेवा

रुग्णालयात संगणक आला की रांग कमी होईल, असं आपल्याला सांगितलं जातं. काही ठिकाणी ती कमी झालीही. पण 'सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या' हे वाक्यही आपल्या वस्तीतल्या घराघराने ऐकलेलं आहे. दिवसाचा रोज बुडवून, रिक्षाला पैसे घालून, कडेवर लेकरू घेऊन गेलेल्या बाईला ते वाक्य केस पेपरच्या खिडकीतून ऐकावं लागतं. राग अर्थातच खिडकीमागच्या कारकुनावर निघतो. खरं तर त्याच्या हातात काहीच नसतं. ती यंत्रणा कोणी निवडली, कोणी बसवली, बंद पडली तर कोणाला फोन करायचा, हे सगळं वर्ष-दोन वर्षं आधी एका करारात लिहून झालेलं असतं. तो करार ना त्याने वाचलेला असतो, ना आपण.

म्हणून आज आरोग्याच्या पानावर औषध-पाण्याऐवजी कराराची गोष्ट करायची आहे. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत माहिती यंत्रणा बसवण्यासाठी बाहेरचे सल्लागार नेमावेत की नाही, हा प्रश्न मंत्रालयातल्या लोकांचा आहे असं वाटतं. पण खासगी दवाखान्यात जाणाऱ्याला याने फरक पडत नाही. फरक पडतो तो ज्यांना सरकारी रुग्णालयाशिवाय दुसरा रस्ता नाही त्यांना, म्हणजे आपल्याला.

यंत्रणा म्हणजे काय, सल्लागार कशाला?

माहिती यंत्रणा म्हणजे केवळ केस पेपर छापणारा संगणक नाही. रुग्णाची नोंदणी, डॉक्टरांनी लिहिलेल्या तपासण्या, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, वॉर्डातल्या खाटा, डिस्चार्ज कार्ड, बिल आणि योजनेचे कागद हे सगळं एका धाग्यात ओवणारी ती व्यवस्था असते. ती नीट चालली तर फायदा मोठा आहे. रिपोर्ट हरवत नाही. मागच्या वेळी कोणतं औषध सोसलं नव्हतं ते डॉक्टरला दिसतं. औषधांच्या दुकानात साठा असताना 'बाहेरून आणा' म्हणणाऱ्याला नोंद खोटं पाडते.

हे काम एकट्या रुग्णालयाला जमत नाही, हे मान्य केलं पाहिजे. आधीच सिस्टरांची पदं रिकामी, डॉक्टर सलग ड्युटीवर. त्यांनी निविदा कधी लिहायची आणि सॉफ्टवेअर कधी तपासायचं? शिवाय असं काम एखाद्या रुग्णालयाच्या आयुष्यात एकदा-दोनदाच येतं. ज्याने ते दहा ठिकाणी केलं आहे त्याला खाचखळगे माहीत असतात. जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत कशा आणायच्या, पहिल्या आठवड्यात गर्दी कशी सांभाळायची, कर्मचाऱ्यांना कसं शिकवायचं, हे अनुभवाने येतं. तो अनुभव विकत घेणं यात गैर काही नाही. त्यामुळे 'बाहेरचा माणूस नकोच' असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला मदतनीस म्हणून आणावं, मालक म्हणून नव्हे.

बाहेरच्याला जे दिसत नाही

एक साधी गोष्ट घ्या. यंत्रणा माणूस ओळखते ती नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाईल यांवरून. आता आपल्या वस्तीचा विचार करा. सिद्धार्थ, राहुल, गौतम, रमा, यशोधरा ही नावं एकेका गल्लीत चार-चार. आडनावही बहुतेक तेच. जन्मतारीख पाहावी तर निम्म्या मोठ्या माणसांची १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लावली. म्हणजे एकाच वस्तीतल्या दोन माणसांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळू शकतं. अशा वेळी एकाच्या साखरेचा रिपोर्ट दुसऱ्याच्या खात्यावर गेला, तर ती चूक संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. ती दिसते चुकीच्या गोळ्या सुरू झाल्यावर.

पत्त्याचंही तसंच. 'बुद्धविहाराच्या मागे, नळाजवळ' हा आपला खरा पत्ता. अर्जात मात्र घर क्रमांक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, मग खिडकीवरचा माणूस काहीतरी आकडा टाकून मोकळा होतो. मोबाईल घरात एक, तोही मुलगा कामावर घेऊन गेलेला. ओटीपी त्याच्याकडे, आजारी आई खिडकीपाशी. बाईचं आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, केस पेपरवर तिसरंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेताना रेशनकार्ड आणि ओळखपत्र दोन्ही पुढे करावं लागतं. तिथे स्पेलिंगचा एक फरक शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू शकतो.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. घरात फोन एक असेल तर त्यावर येणारा मेसेज सगळं घर वाचतं. क्षयाच्या गोळ्यांची आठवण, एचआयव्हीच्या तपासणीची तारीख, गर्भपातानंतरची तपासणी, हे कोणाच्या हाती पडावं याचा विचार मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेने आधी करायला हवा. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. आपोआप जाणाऱ्या मेसेजलाही कायदा लागतो, हे कोणीतरी यंत्रणेत लिहावं लागतं.

हे सगळं मोठ्या शहरातल्या कार्यालयात बसून यंत्रणा आखणाऱ्या सल्लागाराला माहीत नसतं. ती त्याची लबाडी नव्हे, त्याने हे जग पाहिलेलं नसतं. पण वीस वर्षं केस पेपर लिहिणाऱ्या कारकुनाला, वॉर्डातल्या सिस्टरला, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना, वस्तीतल्या आशाताईला हे तोंडपाठ असतं. सल्लागाराने पहिला महिना कोणाजवळ बसून काढायचा, याचं उत्तर इथे आहे. होतं मात्र उलटं. बैठका अधिष्ठात्यांच्या दालनात होतात, आणि खिडकीवरच्या माणसाला यंत्रणा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोन तासांचं प्रशिक्षण मिळतं.

झालेल्या गोष्टींतून शिकायचं

आपल्याच राज्यात काय झालं ते आठवा. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह, खासगी कंपनीमार्फत माहिती यंत्रणा वर्षानुवर्षं चालत होती. कंपनीबरोबरचा करार संपुष्टात आला आणि जुलै २०२२ मध्ये ती थांबली. डॉक्टर पुन्हा कागदावर लिहू लागले आणि रुग्णांच्या हातात पुन्हा कागदांच्या चळती आल्या. शासन आणि कंपनी यांच्यात कोण बरोबर, यात इथे पडायचं नाही. प्रश्न वेगळा आहे. करार संपला की इतक्या वर्षांची सवय आणि माहिती एका दिवसात हाताबाहेर जात असेल, तर मग रुग्णालयाचं स्वतःचं असं काय होतं?

पण सरकारी यंत्रणा आली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने तयार केलेली ई-हॉस्पिटल यंत्रणा वापरात होती. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात जवळपास दोन आठवडे काम हाताने चाललं. यंत्रणा कोणाचीही असो, ती बंद पडेल त्या दिवशी काय करायचं हे आधी ठरलेलं आणि कर्मचाऱ्यांकडून करून घेतलेलं असावं लागतं.

श्रीमंत देशांनीही यात हात पोळून घेतले आहेत. इंग्लंडने २००२ मध्ये सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय संगणक कार्यक्रम सुरू केला. मोठमोठ्या कंपन्यांना विभागवार कंत्राटं दिली. निर्णय लंडनमध्ये झाले, आणि ज्या डॉक्टर-नर्सना ती यंत्रणा वापरायची होती त्यांना नीट विचारलंच गेलं नाही, ही टीका पुढे झाली. २००६ मध्ये एक मोठी कंपनी बाहेर पडली, २००८ मध्ये दुसरीचा करार संपवण्यात आला आणि २०११ मध्ये सरकारने हा कार्यक्रम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या संसदेच्या लोकलेखा समितीच्या २०१३च्या अहवालात एकूण खर्चाचा आकडा ९८० कोटी पौंडांच्या घरात दिला आहे.

अमेरिकेतलं उदाहरण तर जास्तच बोलकं आहे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयं आहेत. त्यांची जुनी यंत्रणा १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून त्या खात्यातल्याच डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी शेजारी-शेजारी बसून घडवली होती. ती जुनाट झाली म्हणून २०१८ मध्ये बाहेरच्या कंपनीला नव्या यंत्रणेचं कंत्राट दिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन शहरातल्या रुग्णालयात ती सुरू झाली. नंतर खात्याच्या महानिरीक्षकांच्या तपासात काय निघालं? डॉक्टरांनी पुढच्या तपासणीसाठी किंवा तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी घातलेल्या ११,०००हून अधिक नोंदी योग्य जागी न पोहोचता एका अज्ञात रांगेत पडून राहिल्या होत्या. अशी रांग आहे हे रुग्णालयाला सांगितलेलंच नव्हतं. यामुळे १४९ रुग्णांना इजा झाल्याचं जुलै २०२२च्या अहवालात नोंदलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये पुढच्या रुग्णालयांतलं काम थांबवावं लागलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे घडलं. पैसा कमी पडला नव्हता. नोंद कुठे जाते हे पाहणारा रुग्णालयाचा स्वतःचा माणूस कमी पडला.

गनियारीचा धडा

मग चांगलं काही घडतच नाही का? घडतं, आणि तेही आपल्याजवळ. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी गावात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे. तिथे येणारे बहुतेक लोक आदिवासी आणि गरीब शेतकरी-मजूर. या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीच्या लोकांनी 'बहम्नी' नावाची माहिती यंत्रणा घडवली. म्हणजे बाहेरचे सल्लागार इथेही होतेच. फरक दोन गोष्टींत होता. एक, यंत्रणा आधी तयार करून रुग्णालयाच्या गळ्यात मारली नाही. इथल्या गर्दीत, इथल्या तुटपुंज्या साधनांत काम कसं चालतं ते पाहून ती घडत गेली. दुसरं, ती मुक्त परवान्यावर ठेवली. कोणीही ती घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. पुढे ती नेपाळमधल्या दुर्गम भागातल्या रुग्णालयातही वापरली गेली. सल्लागार परत गेले तरी यंत्रणेची किल्ली रुग्णालयाकडेच राहते, ती अशा व्यवस्थेत.

आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय?

या प्रश्नाची आणखी एक बाजू आपण सोडू शकत नाही. सल्लागार येतो तेव्हा त्याच्यामागून मनुष्यबळ पुरवणारी एजन्सीही येते. डेटा एंट्री ऑपरेटर, हार्डवेअर सांभाळणारा, मदत कक्षावर बसणारा, हे सगळे कंत्राटी. रुग्णालयाच्या स्थायी पदाला बिंदुनामावली लागते, आरक्षण लागतं. एजन्सीने नेमलेल्या माणसाला ते लागत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत भरतीसाठी नऊ एजन्सींची निवड केली होती. तरुणांनी रान उठवलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, पण पद्धत गेलेली नाही.

आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं-मुली संगणक शिकलेली आहेत. त्यांना केस पेपरच्या खिडकीवर अकरा महिन्यांच्या बोलीवर, रजा नाही, भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही अशा अटींवर बसवलं जातं. पगार एजन्सीकडे अडकला की तीच मुलं संपावर जातात आणि पुन्हा आपलीच आई रांगेत ताटकळते. एजन्सी बदलली की शिकलेला माणूस जातो आणि नवा माणूस पहिल्यापासून शिकू लागतो. म्हणजे हा केवळ सामाजिक न्यायाचा प्रश्न नाही, रुग्णसेवेच्या दर्जाचाही आहे. यंत्रणा कायमची असेल तर ती चालवणारी पदंही कायमची हवीत. सल्लागार दोन वर्षांसाठी असू द्या, पण त्याने शिकवायचं ते रुग्णालयाच्या स्वतःच्या माणसांना.

कोणत्या अटींवर?

तेव्हा आपली मागणी 'सल्लागार हटवा' अशी नसावी. ती अशी असावी :

१. निविदा लिहायला मदत करणाऱ्या सल्लागाराचा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीशी कसलाही आर्थिक संबंध नसावा. जो मोजमाप घेतो त्यानेच कापड विकायचं, हे चालणार नाही.

२. मोबदला दिवसांवर नको, कामावर हवा. काम जितकं लांबेल तितकी फी वाढत असेल तर ते कोण संपवेल? केस पेपरला लागणारा वेळ किती कमी झाला, रिपोर्ट किती तासांत डॉक्टरपर्यंत पोहोचतो, यावर पैसे द्यावेत.

३. रुग्णांच्या नोंदी रुग्णालयाच्या ताब्यात राहतील, आणि करार संपल्यावर त्या वापरता येतील अशा स्वरूपात परत दिल्या जातील, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असावं. सल्लागार किंवा कंपनीने त्या दुसऱ्या कशासाठीही वापरू नयेत.

४. यंत्रणा ठरवणाऱ्या समितीत खिडकीवरचा कारकून, वॉर्डातली सिस्टर, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि रुग्णांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे. त्यांना या कामासाठी ड्युटीतून मोकळं करून त्यांच्या जागी बदली माणूस द्यावा. नाहीतर समिती कागदावरच राहते.

५. पडदा मराठीत हवा. वाचता न येणाऱ्यासाठी मदत कक्ष हवा. मोबाईल नाही किंवा ओटीपी आला नाही म्हणून कोणालाही परत पाठवता कामा नये.

६. यंत्रणा बंद पडेल त्या दिवसासाठी छापील केस पेपर आणि नोंदवह्या तयार हव्यात, आणि त्याची रंगीत तालीम वर्षातून दोनदा तरी व्हावी.

या मागण्या कुठे मांडायच्या? प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समिती असते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अभ्यागत मंडळ असतं. आपल्या भागातले नगरसेवक, आमदार त्यांत असतात किंवा त्यांना तिथे शब्द टाकता येतो. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एकदा हा विषय घ्या आणि पाच जणांच्या सह्यांचं निवेदन द्या. आणि माहिती अधिकार आहेच. २००५चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. कराराची प्रत, सल्लागाराला आजवर दिलेली रक्कम, प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या, करार संपल्यावर नोंदींचं काय, हे चार प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

तोवर घरात काय करायचं?

मोठ्या गोष्टी व्हायला वेळ लागतो. आजार थांबत नाही. म्हणून प्रत्येक घराने एवढं करावं.

घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाईल ठेवा. केस पेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड त्यात तारखेप्रमाणे लावा, आणि फोनमध्ये फोटोही काढून ठेवा. संगणकात आहे म्हणून कागद टाकू नका.

आधार, रेशनकार्ड आणि केस पेपर यांवरचं नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख एक आहे का ते आजच ताडून पाहा. फरक असेल तर आजारपण येण्याआधी दुरुस्त करा, दवाखान्यात भरती झाल्यावर ते सुचत नाही.

खिडकीवर केस पेपर हातात पडला की तिथेच नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारच्याला विचारा, लाज धरू नका. रक्त देताना आणि औषध घेताना सिस्टरला आपलं पूर्ण नाव स्वतःहून सांगा.

आभा क्रमांक काढणं ऐच्छिक आहे. काढलात तर नोंदी एकत्र ठेवायला आणि रांगेत वेळ वाचवायला उपयोग होतो. पण तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ओटीपी अनोळखी माणसाला फोनवर सांगू नका, तो रुग्णालयातून बोलतोय असं म्हणाला तरी.

आपल्या उपचाराच्या नोंदींवर आपला हक्क आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

संगणकाला विरोध करून आपलं भलं होणार नाही. कागदाच्या काळातही आपल्याच फाईली हरवत होत्या, आणि 'रेकॉर्ड सापडत नाही' हे उत्तरही आपल्यालाच मिळत होतं. चांगली यंत्रणा गरिबाच्या बाजूने उभी राहू शकते, कारण ती नोंद ठेवते आणि ती नोंद कोणाच्या तोंडाकडे पाहून बदलत नाही. पण ती आपोआप तशी होत नाही. ती बसवताना टेबलाभोवती कोण बसलं होतं, यावर ते ठरतं. आजवर त्या टेबलाभोवती विकणारे आणि विकत घेणारे बसले. ज्यांना ती यंत्रणा चालवायची आहे आणि ज्यांचा जीव तिच्यावर अवलंबून आहे, त्यांची खुर्ची आता आपणच मागून घ्यायची आहे.